एसीखालची फर्न

आमच्या ऑफिसात एसीच्या बरोबर खाली ठेवलेली फर्न पंधरवड्यात पापडासारखी झाली. पान बोटांत धरलं की चुरा. आणि माती ओलीच! शिपाईकाका रोज न चुकता पाणी घालत होते. ‘एसीची थंडी बाधली,’ असं निदान सर्वानुमते झालं. ते चूक होतं.

थंडी बाधते म्हणजे काय, ते केळ्याला विचारावं. फ्रिजमध्ये त्याची साल काळी पडते, कारण साधारण १३ अंशांखाली त्याच्या पेशींची पटलं ताठरतात आणि आतला ऐवज झिरपू लागतो. घरात ठेवायची बरीचशी झाडं केळ्यासारखीच उष्ण प्रदेशातली. अ‍ॅग्लोनिमा तर १५ च्या खालीच कुरकुरतो. पण आमचा एसी २४ वर असतो. हा गारठा नव्हे.

फर्नला मारलं ते कोरड्या वाऱ्यानं. एसीच्या नळीतून बाहेर टपटपणारं पाणी खोलीतल्या हवेतूनच काढलेलं असतं. पानाला बिलगून दमट हवेचा एक पातळ थर असतो, तोही झोत उडवून लावतो. मग मुळं पुरवतील त्याहून वेगानं पान सुकतं. ते टपटपणारं पाणी बादलीत धरून कुंडीत ओतलं तरी हवा कोरडी ती कोरडीच.

झोताखाली ठेवायचाच तर स्नेक प्लांट. तो पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतो, एसी बंद झाल्यावर. किंवा पूर्व आफ्रिकेतला झीझी; त्याच्या मातीतल्या बटाट्यासारख्या गड्ड्यांत पाण्याचा साठा असतो.

घरी मे महिन्यात प्रश्न उलटा. स्लॅबखालच्या फ्लॅटमध्ये पारा दहा अंशांनी चढला, की झाडाचं श्वसन जवळपास दुप्पट होतं. अंधाऱ्या कोपऱ्यातला उजेड मात्र तेवढाच. मिळकत तीच, खर्च दुप्पट. मग झाड खालची पानं पिवळी करून टाकून देतं. आपण घाबरून खत घालतो. खरं तर कुंडी खिडकीकडे सरकवायची, पश्चिमेची असेल तर पडद्याआड.

आमची फर्न आता पॅन्ट्रीत, सिंकशेजारच्या खिडकीत आहे. परवा तिला गुंडाळलेल्या जिलबीसारखे तीन कोंब दिसले. एसीखाली स्नेक प्लांट आलाय. काका त्यालाही रोज पाणी घालतात. तो कुजण्याआधी त्यांना सांगायला हवं.