भूमी समुद्रात बुडते काय?

द्वारका समुद्रात बुडाल्याची कथा बहुतेक मुलांनी घरी ऐकलेली असते. भूगोलाच्या तासाला मग प्रश्न येतो, ‘‘गुरुजी, भूमी खरोखरच बुडते काय?’’ ‘ती केवळ कथा’ असे सांगून हा प्रश्न मिटविणे योग्य नव्हे.

ज्वालामुखीचे बेट बुडू शकते. जावा व सुमात्रा यांमधील सामुद्रधुनीत क्राकाटोआ हे बेट आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी तेथे प्रचंड स्फोट झाले. भूगर्भातील तप्त शिलारस बाहेर फेकला गेल्याने खाली पोकळी झाली, वरचा भाग खचला आणि बेटाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला. त्यातून उसळलेल्या लाटांनी, म्हणजेच त्सुनामीने, किनाऱ्यावरील गावे धुऊन नेली. ३६ हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. पुढे त्याच ठिकाणी नवा ज्वालामुखी वर आला. २२ डिसेंबर २०१८ रोजी त्याची एक बाजू समुद्रात घसरली व पुन्हा लाटा उठून चारशेंहून अधिक लोक दगावले. परातीत पाणी घेऊन, मधल्या ओल्या मातीच्या ढिगाची एक बाजू ढकलून दाखविल्यास लाट कशी उठते हे मुलांना सहज कळेल.

खंडाची गोष्ट निराळी. गोंदिया जिल्हा ज्या गोंडवन प्रदेशात मोडतो, त्याच्याच नावावरून एडुआर्ड झ्यूस या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये एका प्राचीन भूखंडास ‘गोंडवनभूमी’ हे नाव दिले. भारत व आफ्रिका यांमधील तिचा भाग समुद्रात बुडाला, असे त्या काळी मानीत. हे मत पुढे टिकले नाही. खंडांचे खडक सागरतळाच्या खडकांहून हलके असल्याने खंड असे बुडत नाहीत. गोंडवनभूमी बुडाली नाही. ती दुभंगली, तिचे तुकडे दूर सरकले आणि मध्ये नवा सागरतळ तयार झाला.

मग लोककथा निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. सुमात्रेजवळील सिमेलू बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण गाण्यांतून व गोष्टींतून जपली गेली होती : मोठा धरणीकंप झाला व समुद्र मागे हटला, की डोंगराकडे पळावे. २६ डिसेंबर २००४ रोजी बेटावरील सुमारे ७८ हजार लोकांपैकी अवघे ७ दगावले.

यास्तव शिक्षकांनी कथा आदराने ऐकावी, तीमधील अनुभव कोणता व कल्पना कोणती हे मुलांकडून निवडून घ्यावे. गोंदियाहून समुद्र दूर असला, तरी आजची मुले उद्या किनाऱ्यावर जातील. सिमेलूच्या गोष्टीतील ती एक सूचना प्रत्येकास पाठ असावी.