ऊन फुकट, मग लाईट महाग का?

सौर ऊर्जेवर कुठंही व्याख्यान झालं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. ऊन फुकट आहे, मग डोंगरातल्या वाडीवरचं सौर विजेचं युनिट शहरातल्या युनिटपेक्षा कितीतरी महाग का पडतं? खासगी कंपनी आली की नफा आलाच, असं उत्तर श्रोत्यांतलंच कुणीतरी देतं आणि बाकीच्यांच्या माना डोलतात.

प्रश्न रास्त आहे, उत्तर अपुरं आहे. 2010 नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती साधारण नव्वद टक्क्यांनी उतरल्या. वाडीवरच्या विजेचा दर काही त्या वेगानं खाली आला नाही. मग पैसा जातो कुठं, हे शोधायला कागद-पेन्सिल पुरते.

समजा, एका घरात पाच-पाच वॉटचे तीन एलईडी दिवे आहेत आणि ते रोज पाच तास जळतात. दिवसाला 75 वॉट-तास, महिन्याला सव्वादोन युनिट. शहराच्या दरानं ही पंधरा-वीस रुपयांची वीज झाली. आता हे पंधरा-वीस रुपये वसूल करायला तालुक्याच्या गावाहून एक माणूस मोटारसायकलवर घाट चढतो. दोन घरांना कुलूप, एकजण बाजाराला गेलेला, एकाकडे सुटे नाहीत. त्याचं पेट्रोलच विजेहून जास्त होतं. त्यात कुणाच्या दिव्याची वायर उंदरानं कुरतडलेली असेल तर मेकॅनिकची फेरी वेगळी. बॅटरीचा खर्च मोठा आहेच, तो पुढं येईल. पण वीज जितकी थोडी, तितका तिचा हिशेब ठेवणं महाग, ही अडचण पहिली आहे. आणि ती विजेच्या धंद्याइतकीच जुनी आहे.

4 सप्टेंबर 1882 रोजी थॉमस एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. ग्राहक जेमतेम 85, दिवे चारशेच्या आसपास. आजच्या भाषेत ते एका खासगी कंपनीचं मायक्रोग्रिडच होतं: स्वतःचं इंजिन, स्वतःच्या तारा, बाहेरच्या कुठल्याही जाळ्याशी संबंध नाही. पण कुणी किती वीज वापरली ते मोजायचं कसं? फिरत्या चकतीचा मीटर तेव्हा नव्हता. एडिसननं रसायनशास्त्राचा आधार घेतला. काचेच्या बरणीत झिंक सल्फेटचं द्रावण, त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या आणि घरात येणाऱ्या प्रवाहाचा अगदी छोटा, ठरावीक हिस्सा त्यातून वळवलेला. प्रवाह वाहिला की एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर जाऊन बसतं. एका अँपिअर-तासाला 1.22 ग्रॅम, ना कमी ना जास्त, हाच फॅरडेचा नियम. कंपनीचा माणूस ठरावीक दिवशी यायचा, पट्ट्या काढून न्यायचा, धुवायचा, वाळवायचा आणि तराजूत तोलायचा. वजनावरून बिल. हिवाळ्यात द्रावण गोठू नये म्हणून त्या पेटीत एक छोटा दिवाही ठेवलेला असे! फॅरडेचा नियम सराफाच्या काट्यावर ठेवून पैसे मागायची ही कल्पना विलक्षण सुंदर आहे. एडिसन म्हटलं की पाठ्यपुस्तकं दिवा दाखवतात. त्यांनी ही बरणीही दाखवायला हवी, कारण हे सगळं बसेपर्यंत सुरुवातीचे काही महिने ग्राहकांना बिलच गेलं नव्हतं. जगातला सर्वांत प्रसिद्ध संशोधकसुद्धा वसुलीपाशी अडला होता.

वाडीवरची गरज तीन दिव्यांत भागते, याचं श्रेय अर्थात एलईडीला. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि ते योग्यच झालं. पण हा दिवा थेट खेड्यातल्या घरात न्यावा, हे ज्यांनी फार आधी ओळखलं ते डेव्ह आयर्विन-हॅलिडे फारसे कुणाला माहीत नाहीत. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात ते विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. 1997 साली नेपाळमध्ये अन्नपूर्णाच्या वाटेवर चालताना त्यांनी एका शाळेच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं. भरदिवसा वर्गात अंधार होता. परत जाऊन त्यांनी एलईडीमधून पांढरा प्रकाश काढायच्या खटपटी सुरू केल्या. पुढं जपानच्या निचिया कंपनीचा तयार पांढरा एलईडी हाती आला, तेव्हा जेमतेम एक दशांश वॉटच्या त्या ठिपक्याच्या उजेडात मूल वाचू शकतं, हे त्यांच्या लक्षात आलं. 2000 च्या सुमारास ते हे दिवे घेऊन नेपाळच्या खेड्यांत गेले. आज घरोघरच्या सौर कंदिलांचा वंश तिथवर जातो.

साठ वॉटचा पिवळा बल्ब असता तर एका घरासाठी मोठं पॅनेल आणि त्याहून मोठी बॅटरी लागली असती. दिव्याची भूक घटली म्हणून पॅनेल लहान झालं आणि पॅनेल लहान झालं म्हणून ते विकायला खासगी उद्योजक पुढं आले.

त्यांतलं सर्वांत विचारी नाव हरीश हांडे यांचं. आयआयटी खरगपूरचे पदवीधर, अमेरिकेत डॉक्टरेट, आणि 1995 मध्ये नेव्हिल विल्यम्स यांच्यासोबत त्यांनी बंगळुरूत सेल्को ही कंपनी काढली. 2011 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हातगाडीवाल्यांकडून शिकलेली एक गोष्ट ते आवर्जून सांगतात. महिन्याला तीनशे रुपये म्हटलं की विक्रेता मान हलवतो, रोजचे दहा म्हटलं की तयार होतो. बेरीज तीच, पण त्याची कमाई रोजची, त्यामुळं हप्ताही रोजचा हवा. सेल्कोनं ग्रामीण बँकांच्या अधिकाऱ्यांपुढं बसून सौर दिव्याला कर्ज द्यायला त्यांना राजी केलं आणि ज्याचं जसं काम तसा दिवा बनवला. पहाटे फुलं तोडणाऱ्यांसाठी तर डोक्याला बांधायचा.

रोजचे दहा रुपये आणायला माणूस पाठवायचा नसेल तर? केनियानं याचं उत्तर शोधलं. तिथं 2007 पासून एम-पेसामुळं मोबाईलवरून पैसे पाठवणं घरोघर रुजलं होतं. एम-कोपा या कंपनीनं 2012 च्या सुमारास सौर संचातच सिमकार्ड बसवलं. सुरुवातीची ठेव भरायची, मग रोज सुमारे पन्नास शिलिंग. पैसे आले की दिवा चालू, नाही आले की कंपनीच्या संदेशानं बंद. वर्षभर हप्ते फेडले की संच घरमालकाचा. स्वाहिलीत ‘कोपा’ म्हणजे उधार घेणं. जस्ताची पट्टी तोलणाऱ्या माणसाची जागा एका चिपनं घेतली. तरी ज्या घरात मजुरी मिळाली नाही तिथं त्याच संध्याकाळी अंधार होतो, आणि ही रचना उभारणाऱ्यांनी ते विसरता कामा नये.

दिवे आणि मोबाईलचं चार्जिंग यापलीकडं जायचं तर घरोघरचा संच पुरत नाही, गावाचं छोटं वीजकेंद्र लागतं. 2003 च्या वीज कायद्यानं अधिसूचित ग्रामीण भागात परवान्याशिवाय वीज तयार करून विकायची मुभा दिली आणि खासगी लोकांना वाट मिळाली. अमेरिकेत सेमीकंडक्टर उद्योगात काम केलेले बिहारचे ज्ञानेश पांडे परतले आणि मित्रांना घेऊन कामाला लागले. 15 ऑगस्ट 2007 रोजी पश्चिम चंपारणमधल्या तमकुहा गावात त्यांचं पहिलं केंद्र सुरू झालं. कंपनीचं नाव हस्क पॉवर आणि इंधन भाताचं तूस.

या तुसात मोठं विज्ञान आहे. तूस मोकळ्या हवेत जाळलं तर नुसती राख आणि धूर. तेच उभ्या भट्टीत मुद्दाम कमी हवा देऊन तापवलं, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं जळाऊ मिश्रण निघतं. ते इंजिनात घातलं की जनित्र फिरतं. एका युनिटला साधारण दीड-दोन किलो तूस लागतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा युरोपातल्या लाखो गाड्या अशाच लाकडाच्या गॅसवर धावल्या. लाकडापेक्षा तूस हट्टी आहे. त्याचा जवळपास पाचवा हिस्सा राखेचा आणि ती राख बहुतेक सगळी सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य. भट्टी चोंदते. गॅससोबत डांबरासारखा चिकट टार येतो आणि तो इंजिनाच्या व्हॉल्व्हवर बसतो. म्हणून गॅस पाण्यानं धुवायचा, गाळण्यांतून काढायचा, आणि त्या गाळण्या वेळच्या वेळी साफ करायच्या. पांडे यांच्या माणसांनी हे गावातल्याच तरुणांना शिकवलं. बांबूच्या खांबांवरून तारा नेल्या, उरलेल्या कोळशापासून उदबत्त्या करायचं काम बायकांना दिलं आणि महिन्याला शंभर रुपयांच्या आसपास दोन दिव्यांची वीज दिली. रॉकेलच्या चिमणीपेक्षा उजेड कितीतरी जास्त होता.

पुढं अडचणी आल्याच. आकडा टाकणारे निघाले, दोन दिव्यांचे पैसे भरून चार लावणारे निघाले. रोज टार पुसणारा ऑपरेटर सुटीवर गेला की केंद्र बंद. आणि काल गिरणीमागं फुकट पडलेलं तूस, त्याला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर विकाऊ झालं. कंपनीनं धडा घेतला. प्रीपेड मीटर आले, मुख्य भार सौर पॅनेलवर गेला आणि तूस जोडीला राहिलं. आज ही कंपनी नायजेरियातही काम करते. सुरुवातीच्या तुसाच्या कहाणीवर भाळून लिहिणाऱ्यांनी ही दुसरी, कष्टाची कहाणी क्वचितच सांगितली.

आता बॅटरी. ऊन दुपारी आणि दिवे संध्याकाळी, त्यामुळं दिवसाची वीज साठवावी लागते. शिसं-आम्लाची बॅटरी तळापर्यंत रिकामी केली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ती कायमची दुबळी होते. म्हणून मध्ये कंट्रोलर असतो, तो वेळीच पुरवठा तोडतो. नेमकी तेव्हा टीव्हीवर मॅच रंगात आलेली असते. घरातला हुशार मुलगा कंट्रोलर वगळून टीव्हीची वायर थेट बॅटरीला लावतो. मॅच बघून होते, आणि तीन-चार वर्षं चालायची बॅटरी वर्षात बसते. बॅटरी वाचवायचा उत्तम उपाय म्हणजे दुपारची वीज दुपारीच वापरणं: पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, शिलाई यंत्रं. ज्या गावाला दुपारचं गिऱ्हाईक मिळालं, तिथलं युनिट स्वस्त होतं.

महाराष्ट्रात याचं छोटं आणि नेटकं उदाहरण आहे. पुण्याच्या ग्राम ऊर्जा या कंपनीनं 2012 साली पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत 9.4 किलोवॉटचं सौर मायक्रोग्रिड उभारलं. पैसा बॉश कंपनीकडून आला, कारभार गावाच्या समितीकडं. चाळीसेक घरं धरली तर घरामागं जेमतेम 235 वॉट. चांगल्या उन्हाच्या दिवशीही घरटी साधारण एकच युनिट मिळणार, पण एलईडीच्या जमान्यात तेवढ्यात दिवे, पंखा आणि टीव्ही भागतो. पैसे गोळा करणारा गावातलाच, त्यामुळं मोटारसायकलचा फेरा वाचतो. याच सह्याद्रीत 1915 साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि तिथली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना गेली. डोंगरातल्या अनेक वाड्यांना पहिला दिवा लागायला त्यानंतर शंभर वर्षं थांबावं लागलं, याची खंत वाटतेच.

आणि सरकारी लाईट आली की? बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरणई गावात 2014 मध्ये ग्रीनपीस संस्थेनं 100 किलोवॉटचं सौर केंद्र उभारलं. नितीश कुमार ते बघायला आले, तेव्हा गावकऱ्यांनी फलक धरून त्यांच्याकडं ‘असली बिजली’ मागितली. फ्रिज नको, हीटर नको, असल्या अटींची वीज त्यांना खोटी वाटली. त्यांना दोष देता येणार नाही, शहरातल्या कुणाला अशा अटी असतात? थोड्याच काळात सरकारी तारा आल्या, दर स्वस्त होता, आणि सौर केंद्र हळूहळू पडीक झालं. बांगलादेशात चाळीस लाखांवर घरगुती सौर संच लागले होते. तिथंही तारा पोचल्या तसा त्यांचा बाजार ओसरला. उद्या तारा आल्या तर आपल्या भांडवलाचं काय, ही भीती प्रत्येक खासगी कंपनीला असते. उत्तर प्रदेशनं 2016 च्या मिनीग्रिड धोरणात अशा वेळी केंद्र विकत घ्यायची किंवा जाळ्याला जोडायची सोय केली, ते म्हणूनच शहाणपणाचं पाऊल होतं.

28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरच्या लेइसांगला वीज पोचली आणि देशातलं प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. दहा टक्के घरं आणि शाळा, पंचायतीसारख्या जागा जोडल्या की गाव विद्युतीकृत, अशी तेव्हाची व्याख्या होती. सौभाग्य योजनेनं नंतर दोन कोटींहून जास्त घरं जोडली, हे काम खरोखर मोठं आहे. तरी खांबावर तार असणं वेगळं आणि संध्याकाळी सात वाजता तिच्यात वीज असणं वेगळं. म्हणूनच बिहार-उत्तर प्रदेशच्या बाजारपेठांत कितीतरी दुकानदारांकडं आज दोन जोडण्या दिसतात. एक सरकारी, स्वस्त. दुसरी मिनीग्रिडवाल्या कंपनीची, महाग. शिंपी दिवसभर पहिलीवर शिवतो. लग्नसराईत, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी मशीन थांबलं, की तो उठून दुसरं बटण दाबतो.