खरी सही, खोटा व्यवहार

जुलै २०१५मध्ये सुरू झालेल्या इथेरियम या ब्लॉकचेनवर रक्कम पाठवायची असो किंवा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर कायमचा नोंदवलेला आणि हुकूम मिळताच लिहिल्याबरहुकूम चालणारा प्रोग्रॅम, तेथे चढवायचा असो, खातेदाराचा अधिकार ठरतो तो केवळ प्रायव्हेट कीने केलेल्या सहीवरून. ही की म्हणजे २५६ बिटांची, कोणताही क्रम न पाळता निवडलेली एक प्रचंड संख्या असते. तिच्यापासून इलिप्टिक कर्व्ह या वक्राच्या गणिताने पब्लिक की काढली जाते, त्या पब्लिक कीचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा गणिती ठसा, घेतला जातो आणि त्या ठशाचे शेवटचे २० बाइट हा खात्याचा पत्ता होतो. पत्त्यावरून कीकडे परतण्याचा व्यवहार्य मार्ग नाही, आणि की हरवली तर अर्ज करायला खिडकीही नाही.

सही होते ती व्यवहाराच्या ठशावर. त्यात रक्कम, प्राप्तकर्ता, कॉन्ट्रॅक्टला द्यायचा हुकूम आणि नॉन्स, म्हणजे त्या खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक, हे सारे बांधलेले असल्यामुळे एकही आकडा बदलला तर सही निकामी होते. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र व्यवहारात लिहावाच लागत नाही, कारण तो सहीतूनच परत काढता येतो. जुलै २०१६मध्ये इथेरियमची साखळी दुभंगली, तेव्हा एका फाट्यावर केलेली सही दुसऱ्या फाट्यावर जशीच्या तशी वापरता येते, हे उघड झाले; त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सहीच्या मजकुरात साखळीचा क्रमांक घालण्याची सोय आली. साखळीबाहेर केलेल्या सह्या तपासणारे कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्याला हीच खबरदारी स्वतःच घ्यावी लागते, आणि ती विसरण्याची चूक अजूनही होते.

प्रत्येक सहीसाठी आणखी एक गुप्त, एकदाच वापरायची संख्या लागते. तीच संख्या दोन सह्यांत आली तर शाळकरी बीजगणिताने प्रायव्हेट की हाती लागते. सोनीच्या प्लेस्टेशन ३ची सही करणारी की २०१० साली याच चुकीमुळे उघडी पडली. त्यामुळे आता बहुतेक सॉफ्टवेअर ही संख्या नशिबावर न सोडता की आणि मजकूर यांच्यापासूनच ठरीव रीतीने काढते.

एवढे भक्कम गणित असूनही की फुटते ती बहुधा विकसकाच्या टेबलावर. हार्डहॅट हे विकसकांचे साधन चाचणीसाठी २० खाती देते आणि त्यांच्या प्रायव्हेट की पडद्यावर छापून दाखवते. मूळ मांडणी बदलली नाही तर त्या जगभर सर्वांसाठी सारख्याच असल्याने त्यांवर खरी रक्कम ठेवणे म्हणजे ती वाटून टाकणे होय. खऱ्या साखळीवर कॉन्ट्रॅक्ट चढवताना अनेक जण की ‘डॉट ईएनव्ही’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवतात, आणि ती फाइल चुकून गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात गेली की पुढच्या नोंदीत पुसूनही जुन्या इतिहासात शिल्लक राहते. अशा वेळी फाइल पुसत बसण्यापेक्षा खाते तत्काळ रिकामे करून नवी की घेणे हाच शहाणपणा. मुळात पासवर्डने कुलूपबंद केलेली की-फाइल किंवा की बाहेर न सोडणारे हार्डवेअर वॉलेट वापरणे अधिक बरे.

अर्थात की सुरक्षित असली तरी सही करणाऱ्याला आपण कशावर सही करत आहोत हे दिसले पाहिजे. मुंबईतील वझीरएक्स या क्रिप्टो बाजाराच्या, अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटमधून जुलै २०२४मध्ये सुमारे २३ कोटी डॉलर गेले. बायबिट या दुसऱ्या क्रिप्टो बाजाराच्या तशाच वॉलेटमधून फेब्रुवारी २०२५मध्ये सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले. बायबिटच्या सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीची रवानगी दिसत होती, पण त्यांच्या सह्या वॉलेटचा प्रोग्रॅमच बदलणाऱ्या हुकुमावर पडल्या. सह्या गणिती दृष्टीने अस्सल असल्यामुळे साखळीला त्या नाकारण्याचे कारण नव्हते, आणि प्रोग्रॅम बदलल्यावर चोरांना पुढच्या उचलीसाठी त्या मालकांच्या सहीची गरजही उरली नाही.