नावापुढची तीन अक्षरे

१८ मार्च २०२३, शनिवार. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर चालला होता. हाउसमास्टर सरांनी त्या रात्रीपुरती दिवे बंद करण्याची वेळ पुढे ढकलली होती, म्हणून आम्ही सगळे कॉमन रूममध्ये टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. एका बाजूला बेंगळुरू एफसी, दुसऱ्या बाजूला एटीके मोहन बागान. निर्धारित वेळेत २-२, जादा वेळेतही बरोबरी. शेवटी पेनल्टीवर ४-३ असा निकाल लागला आणि मोहन बागान जिंकले.

माझा खोलीतला मित्र उत्तर कोलकात्याचा. त्याच्या घरी तीन पिढ्या मोहन बागानच्या. मला वाटले, आता हा छत डोक्यावर घेणार. पण तो हसला, टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा खाली बसला. थोड्या वेळाने संघमालक संजीव गोएंका यांनी जाहीर केले, की पुढच्या हंगामापासून नावातले 'एटीके' जाईल. तेव्हा मात्र त्याने उडी मारून मला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते.

मी म्हणालो, "अरे, कप जिंकलास तेव्हा गप्प होतास, आणि तीन अक्षरे गेली म्हणून रडतोस?"

तो म्हणाला, "तू कोल्हापूरचा ना? उद्या तुझ्या पेठेच्या तालमीच्या नावापुढे पलीकडच्या पेठेचे नाव लावले आणि वर कप दिला, तर घेशील?"

मी गप्प झालो. आमच्याकडे तालीम मंडळांचे संघ फुटबॉल खेळतात. शाहू स्टेडियमवर सामना असला, की अख्खी पेठ तिथे असते. नावाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी हे सगळे घडले कसे, हे जाणून घ्यावेसे वाटले. सुट्टीत वाचले, मित्राला विचारले. त्यातून कळले ते इथे मांडतो.

मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची. पण क्लबचा खरा सण २९ जुलैला असतो. १९११ साली याच तारखेला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला २-१ असे हरवले. त्याआधीच्या फेऱ्यांत रायफल ब्रिगेड आणि मिडलसेक्स रेजिमेंट हे दोन लष्करी संघ त्यांनी बाद केले होते. समोर बूट घातलेले गोरे सैनिक आणि इकडे अकरांपैकी दहा जण अनवाणी. बूट होते ते फक्त सुधीर चॅटर्जी यांच्या पायात. पहिला गोल सैनिकांनी केला. कर्णधार शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली आणि शेवटी अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. ही शील्ड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. गर्दीत मागे उभ्या असलेल्यांना गोल कळावेत म्हणून पतंग उडवले होते, असे सांगतात. १९८९ साली क्लबच्या शताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढून त्या संघाचा गौरव केला.

आता २०२० कडे येऊ. त्या वर्षी मोहन बागानने आय-लीग जिंकली, तर एटीके या कोलकात्याच्याच दुसऱ्या संघाने इंडियन सुपर लीग जिंकली. एटीके हा २०१४ साली नव्याने उभा राहिलेला संघ. सुपर लीगमध्ये उतरायला मोठा पैसा लागतो आणि जुन्या क्लबांकडे तो नव्हता. म्हणून जानेवारी २०२० मध्ये करार झाला. फुटबॉल संघाच्या कंपनीत ८० टक्के हिस्सा गोएंका यांच्या उद्योगसमूहाकडे गेला आणि २० टक्के क्लबकडे राहिला. हिरवा-तांबूस पोशाख कायम राहिला, शिडाच्या होडीचे बोधचिन्हही राहिले. नाव मात्र झाले 'एटीके मोहन बागान'.

इथे एक प्रश्न पडतो. पूर्वीही मद्य-कंपनीशी भागीदारी असताना अनेक वर्षे संघाच्या नावापुढे तिच्या उत्पादनाचे नाव होते. तेव्हा ते चालले, मग आताच का नाही? मित्राचे उत्तर मला पटले. प्रायोजकाचे नाव म्हणजे भाड्याची पाटी. करार संपला, की उतरते. एटीके मात्र स्वतः एक संघ होता, त्याचे वेगळे समर्थक होते, वेगळी विजेतेपदे होती. त्याचे नाव पुढे लावले, की १३० वर्षांचा क्लब सहा वर्षांच्या संघाच्या मागे उभा राहतो.

समर्थकांकडे एकही शेअर नव्हता, संचालक मंडळात मत नव्हते. त्यांच्याकडे होती ती आठवण आणि संख्या. मोहन बागानचे समर्थक होडीच्या चिन्हावरून स्वतःला 'मरिनर्स' म्हणवतात. त्यांचे अनेक गट आहेत. त्यांतल्या एका ओळखीच्या गटाचे नाव आपल्याला जवळचे वाटेल असे आहे, 'मरिनर्स बेस कॅम्प'. असे गट एरवी प्रेक्षागृहात भलेमोठे चित्रफलक उलगडतात, २९ जुलै साजरा करतात, जुन्या खेळाडूंची आठवण जागी ठेवतात. आता हेच लोक विरोधाला उभे राहिले.

सुरुवातीला घोषणा होती 'ब्रेक द मर्जर', म्हणजे विलीनीकरणच मोडा. पण ते मोडले तर संघ सुपर लीगमध्ये खेळणार कसा, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. पुढे जोर धरला तो 'रिमूव्ह एटीके' या मागणीने. पैसा तुमचा असू द्या, व्यवस्थापन तुमचे असू द्या, फक्त ती तीन अक्षरे काढा. मागणी लहान झाली, म्हणून स्पष्ट झाली. मालकाला ती मान्य करता येण्याजोगीही झाली. ती फलकांवर आली, समाजमाध्यमांवर रोज आली. काहींनी सामन्यांना जाणेच सोडले.

हा शेवटचा मार्ग सोपा नव्हता. रिकाम्या खुर्च्यांचा त्रास मालकाइतकाच मैदानावरच्या खेळाडूंनाही होतो, आणि त्यांचा यात काय दोष? मित्राच्या घरीच दोन मते होती. वडील म्हणायचे, जायचे नाही. आजोबा म्हणायचे, "पोरे हिरवा-तांबूस घालून खेळताहेत, मी जाणार." दोघांचेही प्रेम खरेच होते.

परदेशातही अशी उदाहरणे आहेत. इंग्लंडच्या हल सिटीच्या मालकाला क्लबचे नाव 'हल टायगर्स' करायचे होते. 'सिटी टिल वुई डाय' या समर्थकगटाने विरोध केला आणि २०१४ साली तिथल्या फुटबॉल संघटनेने नावबदल नाकारला. वेल्समधल्या कार्डिफ सिटीच्या मालकाने २०१२ मध्ये संघाचा निळा पोशाख लाल केला. २०१५ मध्ये तो पुन्हा निळा करावा लागला. जर्मनीत तर नियमच असा आहे, की क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून जास्त मते राहिली पाहिजेत. काही अपवाद सोडले, तर तिथे समर्थकाला रस्त्यावर यावे लागण्याआधी मतदान करता येते. आपल्याकडे असा नियम नाही.

कोलकात्यातल्या समर्थकांना सगळे मिळाले का? नाही. १ जून २०२३ पासून संघाचे नाव 'मोहन बागान सुपर जायंट' झाले. म्हणजे पुढची अक्षरे गेली, पण मागे शेपूट आले. हे 'सुपर जायंट' आपल्या ओळखीचे आहे. याच मालकांच्या पुण्याच्या आयपीएल संघाच्या नावात ते होते. ८० टक्के हिस्साही जिथे होता तिथेच आहे. काहींना हे अजून खटकते. मित्र म्हणतो, "हाक मारताना पहिले नाव मोहन बागान येते. सध्या एवढे पुरे."

हे सारे वाचताना मला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटबद्दल एक गोष्ट कळली. १९११ मध्ये हरलेली ती पलटण १९५८ साली वेस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी एकत्र करून नवी रेजिमेंट बनवली गेली आणि तिचे जुने नाव संपले. २००६ मध्ये नवे नावही आणखी मोठ्या रेजिमेंटमध्ये मिळून गेले. पलटणींची नावे आणि क्रमांक असे बदलत असतात, तरी जवान आठवण सोडत नाहीत. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन आजही 'जंगी पलटण' आणि दुसरी 'काळी पाचवी' म्हणूनच ओळखली जाते.

सैन्यात घोषणा देऊन निर्णय बदलत नाहीत, हे मला माहीत आहे. आपली शिस्त वेगळी आहे. पण प्रेमाने, नेमकी आणि पूर्ण करता येण्याजोगी विनंती करणे शिस्तीत बसते. आमच्या हाउसच्या जुन्या विजेत्यांचे लाकडी फलक रंगकामाच्या वेळी उतरवले गेले, ते स्टोअरमध्येच राहिले होते. या वर्षी आम्ही चौघांनी ते पुसून काढले. नवीन फलक नकोत, खर्च नको, फक्त हे परत लावू द्या, असा अर्ज हाउसमास्टर सरांना दिला. सरांनी तो वाचला आणि विचारले, "खिळे आहेत का?"

फलक आता जिन्याजवळ आहेत. सर्वांत वरच्या नावांचा रंग उडालाय. ती वाचून, जुळवून पुन्हा रंगवायचे काम मित्राकडे आहे, कारण त्याचे अक्षर चांगले आहे.