मिरजेची जवारी

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ च्या मार्चमध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यावर लिहा, आणि जमलं तर तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला होणारी मैफलही गाठून या, असं संपादकांनी सांगितलं. मला जायचं होतंच, पण कारण वेगळं होतं.

मी अष्टमीचा. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, आणि दोन्हींची मिळून एक नगरपरिषद. आमच्याकडे गाणं म्हणजे मुख्यतः भजन. पखवाज, पेटी, टाळ. सप्ताहात रात्रभर चालणारे गजर. धावीर महाराजांच्या पालखीपुढे खालूबाजा. तंबोरा क्वचित एखाद्या घरात असायचा आणि दर पावसाळ्यात आजारी पडायचा. चार महिने भिंतींना ओल, तारांना गंज, सरसाने जोडलेले सांधे सैल. श्रावणात गवसणी काढून तार छेडावी तर नुसता बद्द आवाज. मग कुणी तरी म्हणायचं, ‘मिरजेला न्यायला पाहिजे.’ आजाऱ्याला मुंबईच्या इस्पितळात हलवायला पाहिजे, असं म्हणतात ना, त्याच सुरात. मिरजेला नेऊन नेमकं काय करतात हे मात्र कुणाला सांगता येत नसे. मला ते बघायचं होतं.

मिरजेत वाद्यांच्या प्रदर्शनासाठी वेगळा मंडप लागत नाही. सतारमेकर गल्लीत शिरलं की झालं. पुढे दुकान, मागे कारखाना, बहुतेक ठिकाणी तर एकाच खोलीत दोन्ही. भिंतीला टेकवलेले तंबोरे, छताला टांगलेले वाळके भोपळे, पायाखाली लाकडाचा भुसा आणि सगळीकडे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचा वास. माझ्यासारख्या नुसत्या ऐकणाऱ्या माणसाला इथे तासन्‌तास काढता येतात. कुणी हटकत नाही. कामात असलेला माणूस मान वर करून एकदा बघतो, गिऱ्हाईक की बघ्या ते त्याला तेवढ्यात कळतं, आणि तो पुन्हा कामाला लागतो.

गल्लीचा इतिहास इथे कुणीही सांगतो आणि जवळपास सारखाच सांगतो, म्हणून थोडक्यात उरकतो. ही मूळची शिकलगार घराणी. तलवारी-भाल्यांना धार लावणं हा त्यांचा धंदा. इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम आटलं. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि मोहिउद्दीन या शिकलगार बंधूंनी वाद्यदुरुस्तीत हात घातला, दुरुस्ती करता करता नवी वाद्यं बांधू लागले, आणि पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच त्यांच्याकडे शिकले आणि १९३१ साली इथेच वारले. चांगल्या कानाचं गिऱ्हाईक दाराशी आलं की कारागिराचा हात सुधारतो. मिरजेचं नाव झालं त्यात या गिऱ्हाइकांचा वाटा कारागिरांइतकाच असावा.

तंबोऱ्याची सुरुवात शेतात होते. त्याचा भोपळा कडू, खायच्या उपयोगाचा नाही. तो सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडे पिकतो, वेलावरच पुरता वाळू द्यावा लागतो आणि मगच मिरजेला येतो. इथे तो भिजवून कापायचा, आतला गर-बिया काढायच्या आणि तोंड फाकवून पुन्हा वाळवायचा. दांडी तुणीच्या लाकडाची, आतून कोरून पोकळ केलेली. भोपळ्याच्या तोंडावर बसते ती पातळ, किंचित फुगीर तबली. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथे लाकडी पानांची नक्षी, वर चपड्याचे हात. मर्दानी तंबोरा पाच फुटांच्या आसपास, जनानी त्याहून लहान. खुंट्या बसल्या, तारा चढल्या, की माझ्या दृष्टीने वाद्य तयार होतं.

कारागिराच्या दृष्टीने ते अजून मुकं असतं. इथेच मी अडकलो आणि उरलेला दिवस हललो नाही.

ज्यांच्यासमोर बसलो होतो ते सत्तरीच्या आसपासचे. गल्लीतली पोरं त्यांना चाचा म्हणत होती, मीही तेच म्हटलं. त्यांच्यापुढे दुरुस्तीला आलेला एक जुना तंबोरा होता. चाचांनी तो आणणाऱ्याला आधी विचारलं, ‘गाणार कोण? पट्टी कुठली?’ बाई काळी पाचमध्ये गातात असं कळल्यावरच त्यांनी कानस उचलली. मला वाटलं होतं तंबोरा आधी बरा होतो आणि मग कुणीही गावं. तसं नाही. काळी एकसाठी चढवलेली तार जाड, काळी पाचसाठीची बारीक. तारेची जाडी आणि ताण बदलला की घोडीवरचं तिचं टेकणं बदलतं, आणि सगळा खेळ त्या टेकण्याचा आहे.

घोडी म्हणजे तबलीवरचा तो छोटा रुंद पूल, ज्यावरून चारही तारा जातात. व्हायोलिनच्या घोडीला वर धार असते, तार तिथे एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला पुढच्या बाजूला इतका सूक्ष्म उतार असतो की डोळ्याला दिसत नाही, बोटालाही धड कळत नाही. छेडलेली तार हलताना या उताराला पुन्हा पुन्हा चाटून जाते. टेकण्याची जागा दर हेलकाव्याला पुढेमागे सरकते, आणि त्या सततच्या स्पर्शातून वरचे वरचे स्वर एकामागून एक उमलतात. तारेखाली सुताचा दोरा घालून तो मागेपुढे सरकवला की एका ठिकाणी आवाज एकदम मोकळा होतो. यालाच जवारी म्हणतात.

चाचा करत होते ते काम असं. तारा सैल करायच्या, घोडीवर कानस फिरवायची, फुंकर मारून भुकटी उडवायची, तारा पुन्हा चढवायच्या, सुरात आणायच्या, दोरा सरकवून ऐकायचं, मान हलवायची आणि पुन्हा तारा सैल करायच्या. चारही तारांची जवारी वेगळी. जोडाच्या दोन पोलादी तारा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, खर्जाच्या पितळी तारेचा स्वभाव निराळा, आणि पहिली तार पंचमात लावायची की मध्यमात की निषादात हे रागावर ठरणार. कानस एक हात जास्त फिरली तर उतार बिघडतो आणि सगळा पृष्ठभाग पुन्हा खाली आणावा लागतो. घासून गेलेलं परत लावता येत नाही, त्यामुळे घोडीचं आयुष्य तेवढं कमी होतं.

हे मोजून करायची काही युक्ती आहे का, असं मी विचारलं. चाचांनी उत्तर दिलं नाही, खर्ज छेडला आणि माझ्याकडे बघत राहिले. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येत होता, कुणी न लावलेला. गाणाऱ्यांना हा स्वयंभू गांधार ओळखीचा असतो. मी तो मैफलीत लांबून ऐकला होता. तो घोडीच्या इंचभर पृष्ठभागावर घासून घासून आणला जातो हे इथे बसल्यावर कळलं.

या इंचभर जागेने शास्त्रज्ञांनाही गुंतवलं होतं. जुना नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडाल त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची गाठ पडते ते उपस्वर वाजत नाहीत. सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा तपासल्या तर ते उपस्वर स्पष्ट ऐकू येत होते. १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी याचं श्रेय घोडीच्या वक्राकाराला आणि त्या दोऱ्याला दिलं. त्यांना नोबेल मिळालं ते पुढे १९३० साली, प्रकाशाच्या कामासाठी. माझ्यापुरता तंबोऱ्यावरचा निबंध अधिक जवळचा.

संध्याकाळी दर्ग्यात गेलो. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा असतो. आणि उरुसाच्या रात्री इथे गाणं होतं ते अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ. कैरान्यात जन्मलेला हा गवई मिरजेचा झाला. हिराबाई बडोदेकर, त्यांची मुलगी, १९०५ साली इथेच जन्मली. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासकडच्या प्रवासात सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागलं, ते गाडीतून उतरले, आणि सांगतात की फलाटावर तंबोरा जुळवून घेऊन त्यांनी अखेरची प्रार्थना दरबारीत गायली. त्यांना आणून दफन केलं ते या दर्ग्याच्या आवारात. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते आणि तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय गायला तोंड उघडत नसत. त्यांच्या किराणा घराण्याच्या गाण्यात स्वर लावण्यावर जो भर आहे त्याचं मूळ शोधणाऱ्याने गुरुपरंपरेबरोबर सतारमेकर गल्लीचाही पत्ता लिहून ठेवावा.

इथलं गाणं हजेरीचं, म्हणजे दर्ग्यापुढे सेवा म्हणून केलेलं असतं, त्यामुळे कलाकार मानाने येतात आणि श्रोते जमिनीवर बसतात. त्या रात्री मी गाण्याइतकंच गाण्याआधीचं ऐकलं. गायिकेच्या मागे दोन तंबोरे, एकाचे मणी सरकवले जात होते, दुसऱ्याची खुंटी पिळली जात होती. बराच वेळ चाललं ते. माझ्या पुढच्या रांगेतला एक म्हातारा मात्र खूश होता. दोन्ही तंबोरे एक झाले त्या क्षणी, अजून एकही स्वर गायला गेला नव्हता तरी, त्याने ‘क्या बात है’ म्हणून दाद दिली. अशी दाद मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

आता अडचणी, आणि त्या थोड्या नाहीत.

भोपळा पहिली. पाण्याची सोय झाली तिथे ऊस आला, आणि वेलावर महिनोन्‌महिने वाळवायच्या पिकापेक्षा उसाचा हिशोब शेतकऱ्याला सोपा वाटतो. त्यात अवकाळी पाऊस. वाळत आलेल्या भोपळ्यावर पाणी पडलं की तो डागाळतो, कुजतो. तंबोऱ्याला लागणारा मोठ्या घेराचा, सारख्या जाडीचा भोपळा मुळातच कमी निघतो. दांडीचं लाकूड कर्नाटकातून आणावं लागतं. सजावटीचा हस्तिदंत, घोडीचं सांबरशिंग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झालं, ते योग्यच झालं. आता हाड, शिसवी, नाही तर प्लॅस्टिक. प्लॅस्टिकवर जवारी टिकते जास्त, पण आवाज कोरडा येतो, असं चाचांचं मत. मला ते पटलं, पण माझा कान त्यांच्याएवढा तयार नाही.

दुसरी अडचण पेटीतली. बंगळुरूच्या राडेल कंपनीने १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला, आणि आता तर फोनमध्येच फुकट तंबोरा वाजतो. त्याला पावसाळा बाधत नाही, विमानात तो फुटत नाही, एकट्याने रियाझ करणाऱ्याला छेडायला माणूस लागत नाही. माझ्याही फोनमध्ये तो आहे. पण आजकाल मोठ्या मैफलीतही गवयाच्या मांडीशी ती पेटी दिसते, आणि मागचे दोन तंबोरे ध्वनिक्षेपकाच्या आवाजात नुसते शोभेचे होतात. हे मला मंजूर नाही. समोर हजार माणसं तिकीट काढून बसली असतील तर खरा तंबोरा त्यांच्यापर्यंत पोचवणं ही ध्वनिव्यवस्था करणाऱ्याची जबाबदारी आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत अवघड, कारण ती वाद्याच्या गुणातूनच निघते. नीट सांभाळलेला तंबोरा पन्नास वर्षं सहज टिकतो. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांना दर भाद्रपदाला नवं गिऱ्हाईक असतं, मूर्ती विसर्जित होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागते. तंबोरा घेणारा माणूस घेऊन गेला की गेला. मग कारागिराने वर्षभर जगायचं कशावर? दुरुस्तीवर आणि जवारीवर. आणि नेमक्या याच कामाचे पैसे देताना लोक कुरकुरतात. दिवसभर बसून केलेल्या कामानंतर वाद्यात डोळ्याला दिसेल असं काहीच बदललेलं नसतं. शिकायला उमेदवारीची वर्षं, नजरेत न भरणारं काम, तुटपुंजी मजुरी; गल्लीतल्या तरुणाने दुसरी नोकरी धरली तर त्याला नावं ठेवायला मी धजणार नाही.

मानांकनाने काय होईल? दुसरीकडे बनवलेला तंबोरा मिरजेचा म्हणून विकता येणार नाही, आणि मिरजेत बनलेल्या वाद्यावर महानगरातल्या दुकानदाराने आपलं लेबल चिकटवायचा प्रकारही कमी व्हावा. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे वाढवून घेता येते. हा फायदा खरा आहे. पण मानांकन विक्रीच्या वेळी कामाला येतं, आणि गल्लीचा प्रश्न विक्रीनंतरचा आहे. कानस हातात धरून दहा वर्षं कान तयार करणारा पोरगा प्रमाणपत्राने येत नाही; त्याला बारा महिने काम लागतं.

म्हणून पेण, रोहा, अलिबागच्या गायनवर्गांना आणि भजनी मंडळांना एक विनंती आहे. तालुक्यात असतील नसतील ते तंबोरे शोधून काढा, माळ्यावरचेसुद्धा. चार-पाच वर्गांनी मिळून पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आधी, मिरजेच्या एका कारागिराला दोन दिवस बोलावून घ्या. त्याचं जाणं-येणं, राहणं आणि दर तंबोऱ्यामागे ठरलेली मजुरी आगाऊ कबूल करा, घासाघीस करू नका. आणि तो कामाला बसेल तेव्हा शिकणारी मुलं त्याच्यासमोर बसवा.