ठाण्याचे शिलाहार

भाईंदरच्या खाडीवर सायंकाळीं फिरावयास गेलों असतां नातवानें विचारलें, “आजोबा, पोर्तुगीजांच्या आधीं येथें राज्य कोणाचें?” त्यास दिलेलें उत्तर वाचकांसाठीं जरा विस्तारानें देतों.

ज्या साष्टी बेटावर आपलें भाईंदर वसलें आहे, त्याचें नांव ठाण्याच्या शिलाहारांच्या लेखांत ‘षट्षष्टी’, म्हणजे सहासष्ट गांवांचा प्रदेश, असें येतें. छित्तराजाचा शके ९४८ चा (इ. स. १०२६) भांडुपचा ताम्रपट त्यास साक्ष आहे. इ. स. ८०० च्या सुमारास पहिल्या कपर्दीपासून हें घराणें उत्तर कोंकणांत नांदूं लागलें. प्रथम राष्ट्रकूटांचें मांडलिक, पुढें बव्हंशीं स्वतंत्र. राजपुतांच्या छत्तीस कुळांच्या याद्यांत ‘सिलार’ हें नांव सांपडतें खरें. परंतु हे राजे स्वतःस तगरपुराचे, म्हणजे मराठवाड्यांतील तेरचे, स्वामी म्हणवीत आणि जीमूतवाहन विद्याधराचे वंशज मानीत. नागाऐवजीं गरुडापुढें शिळेवर आपला देह ठेवणारा ‘नागानंद’ नाटकाचा नायक तोच हा. मौज ही कीं, या कुळाच्या ध्वजावर मात्र सोन्याचा गरुड होता!

अंबरनाथचें देवालय (शके ९८२) सर्वांस ठाऊक आहे. मला अधिक अभिमान वाटतो तो पहिल्या अपरादित्याचा. बाराव्या शतकांत शत्रूच्या हातीं गेलेलें राज्य त्यानें सोडविलें, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ टीकाही त्याचीच समजली जाते. त्याचा वकील तेजःकंठ काश्मीरच्या पंडितसभेंत बसल्याचें मंखकवि सांगतो. पुढें काश्मिरांतील शास्त्री हीच टीका प्रमाण मानीत. तलवार व लेखणी एका हातीं क्वचितच शोभते.

शेवटचा राजा सोमेश्वर. यादव महादेवापुढें जमिनीवर टिकाव लागेना, तेव्हां तो गलबतांत बसला आणि इ. स. १२६५ च्या सुमारास समुद्रांत बुडाला. महादेवाच्या कोपापेक्षां त्यास वडवानल बरा वाटला, अशा अर्थाचें हेमाद्रि लिहितो. जेत्याच्या पदरचा माणूस दुसरें काय लिहिणार?

बोरिवलीनजीक एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती याच प्रसंगाची, असें मीं वर्गांत पुष्कळ वर्षें छातीठोकपणें सांगितलें. परंतु त्या शिळांवर नांव नाहीं, शक नाहीं. कित्येक विद्वान तें शिल्प दोनशें वर्षें आधींचें, माळव्याच्या भोजाच्या कोंकणस्वारीच्या काळचें, मानतात. माझ्या त्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असल्यास त्यानें माझें तें वाक्य वहींतून खोडावें.