पाहुण्याची पसंती, श्रोत्याची तक्रार

रेडिओवर पाहुणा आला, त्याने आपल्या आवडीचे दोन-चार राग सांगितले, की ऐकणाऱ्याच्या घरात परीक्षक मंडळ बसलंच म्हणून समजा. "मारवा निवडला, छान. पण कोणाचा निवडला ते बघा!" इथून जे सुरू होतं ते चहा गार होईपर्यंत चालतं.

भोपाळच्या मराठी घरांत तर या मंडळात आधीपासूनच तट पडलेले. दोष इतिहासाचा. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, मध्य भारताचा कारभार ग्वाल्हेर आणि इंदूरमधून. 1 नोव्हेंबर 1956 ला सगळ्याचं मिळून नवं राज्य झालं आणि कचेऱ्यांच्या फायलींबरोबर या तिन्ही गावांची मराठी कुटुंबं भोपाळला येऊन थडकली. प्रत्येकाने येताना आपापलं घराणंही बांधून आणलं. आकाशवाणीचं भोपाळ केंद्र सुरू झालं ते 31 ऑक्टोबर 1956 ला, म्हणजे राज्याच्या एक दिवस आधी. बाळ जन्माला यायच्या आतच पाळणा म्हणून झाला!

तीन गावं, तीन हट्ट

ग्वाल्हेरवाले म्हणणार, ख्याल आमचा, बाकी सगळे भाडेकरू. कृष्णराव शंकर पंडित आणि राजाभैय्या पूछवाले ही नावं तोंडावरच. शिवाय तानसेनाच्या समाधीजवळची चिंच आहेच, तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणे. (गळा राहू द्या, निदान तोंड आंबट होतं हे नक्की.)

इंदूरवाले एकच नाव घेणार, अमीर खाँसाहेब. अतिविलंबित झुमरा, घाई म्हणून नाही. 1960 मध्ये त्यांची लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. रेडिओवर कुणी पाहुण्याने मारवा म्हटला की इंदुरी कान टवकारतात, आणि दुसऱ्याच कुणाचा लागला की रेडिओचा आवाज कमी होतो. तारखांची एक गंमत पाहा. खाँसाहेब कोलकात्यात मोटार अपघातात गेले तो दिवस 13 फेब्रुवारी 1974. भोपाळच्या श्यामला हिल्सवर चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या भारत भवनाचं उद्घाटन झालं तो दिवस 13 फेब्रुवारी 1982. निव्वळ योगायोग, पण इंदूरवाले तो सोडत नाहीत.

तिसरा हट्ट नागपूरचा नव्हे, देवासचा. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व 1948 च्या सुमारास क्षयाच्या आजारात देवासला आले. गाणं वर्षानुवर्षं बंद, आणि अंथरुणावर पडून ऐकायला काय, तर खिडकीबाहेरची माळव्याची लोकगीतं. तीच पुढे त्यांच्या रागांत उतरली. आता एखाद्या पाहुण्याने कुमारांचं काही निवडलं की घर दुभंगतं. अर्ध्यांच्या मते हे खरं गाणं, उरलेल्यांच्या मते हे गाणं अर्ध्यावर तोडलेलं. माझं मत विचाराल तर कुमारांबद्दल भांडण न होणं हाच त्यांचा अपमान.

भूप की देसकार?

रेडिओपुढचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात रुचकर भांडण हे. दोन्ही रागांचे सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधारावर मुक्काम, देसकारात धैवतावर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देसकार सकाळी. आणि आपण मराठी लोक काय करतो? भल्या पहाटे भूपाळी म्हणतो! 1951 च्या 'अमर भूपाळी'तली वसंत देसाईंची 'घनश्याम सुंदरा' ही चाल घ्या. बहुतेक याद्यांत तिच्यापुढे भूप लिहिलेलं असतं आणि प्रत्येक घरात एक काका असतात, ते ठासून सांगतात, "पहाटेचं गाणं आहे, देसकारच!" व्ही. शांतारामांच्या या चित्रपटाला पुढच्या वर्षी कान महोत्सवात ध्वनिमुद्रणाबद्दल बक्षीस मिळालं. परीक्षकांनी राग विचारला नाही, त्यामुळे निकाल लवकर लागला असावा.

वेळेचा एवढा आग्रह धरणाऱ्यांना एक खोडसाळ माहिती. आकाशवाणीची सकाळी सभा उघडणारी ती ओळखीची धून वॉल्टर कौफमन या मूळच्या कार्ल्सबादच्या, 1934 मध्ये मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराची. ती बांधलेली आहे शिवरंजनीत. शिवरंजनी कधीचा? रात्रीचा. पिढ्यान्‌पिढ्या आपण रात्रीच्या रागावर उठून दात घासले.

मंत्र्यांची फर्माइश

एकट्या माणसाने साऱ्या देशासाठी गाणी निवडली तर काय होतं? बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचे, गाण्याचे जाणकार, 1952 ते 1962 नभोवाणी खात्याचे मंत्री. त्यांना चित्रपटगीतं खपत नसत. त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली आणि 1952 मध्ये शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी मुकाट्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच 1952 मध्ये तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. पाच वर्षांनी, 3 ऑक्टोबर 1957 ला, सरकारने विविध भारती काढली. फर्माइशीपुढे मंत्रीसुद्धा हरतो.

तरी केसकरांना नुसतं हसून भागणार नाही. ज्या घरात तानपुरा कधी दिसला नसता तिथे ख्याल पोचला तो त्यांच्याच हट्टामुळे.

आकाशवाणीवर पेटीलाही बंदी होती, ती मात्र त्यांच्या आधीची, 1940 ची. रवींद्रनाथांनाही पेटी नावडती. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. नाट्यसंगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला तीस वर्षं रेडिओवर पेटीवाचून राहायला लावणं म्हणजे अळणी आमटी वाढून वर मिठाची चौकशी न करणं.

हरलेले खाँसाहेब

विविध भारतीची 'संगीत सरिता' सकाळी साडेसातला, पाव तासाची. राग, त्याचं चलन, बंदिश आणि त्या रागातलं एखादं चित्रपटगीत. शनिवारच्या विशेष जयमालेत सिनेमातली मंडळी फौजी भाइयोंसाठी गाणी निवडत. दोन्हीकडे 'बैजू बावरा'तली देसी रागातली जुगलबंदी हमखास यायची आणि भोपाळमध्ये हमखास वाद पेटायचा. 1952 चा हा चित्रपट, संगीत नौशादांचं. तानसेनाचा आवाज अमीर खाँसाहेबांचा, बैजूचा दत्तात्रेय विष्णू पलुसकरांचा. कथेप्रमाणे जिंकतो बैजू. म्हणजे ग्वाल्हेर परंपरेचे पलुसकर जिंकले आणि इंदूरचे खाँसाहेब हरले! हे पटकथेने ठरवलं, गाण्याने नाही, असं इंदूरवाले सत्तर वर्षं समजावत आहेत.

'बसंत बहार' (1956) मध्ये तर याहून कठीण प्रसंग. बसंत रागात मन्ना डे विरुद्ध भीमसेन जोशी, आणि जिंकायचं मन्ना डेंनी. ते पळून जायच्या बेतात होते. पत्नीने समजूत घातली तेव्हा उभे राहिले.

लंडनची बेटं आणि चुकीचे पक्षी

पाहुण्याच्या पसंतीचा जगातला सगळ्यात चिवट कार्यक्रम बीबीसीचा, 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'. 29 जानेवारी 1942 पासून चालू. निर्जन बेटावर आठ तबकड्या, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू न्यायची. सोप्रानो एलिझाबेथ श्वार्त्सकोफ यांनी 1958 मध्ये आठपैकी सात तबकड्या स्वतःच्याच निवडल्या. (आपल्याकडे अशी नावं सुचतील, पण मी लिहिणार नाही.) एकदा कादंबरीकार ॲलिस्टेअर मॅक्लीन यांना बोलावल्याच्या समजुतीत त्याच नावाचे भलतेच गृहस्थ स्टुडिओत आले, ते पर्यटन खात्याचे अधिकारी निघाले. मुलाखत झाली, प्रसारित मात्र झाली नाही.

आणि श्रोते? तिथलेही आपल्यासारखेच. सुरुवातीच्या धुनेत समुद्रपक्षी ओरडतात, ते थंड प्रदेशातले, उष्ण कटिबंधातल्या बेटावर ते कुठले, अशी हरकत आली. 1964 मध्ये काही काळ पक्षी बदलावे लागले. देसकारवाल्या काकांना इंग्लंडमध्ये नातेवाईक आहेत हे तेव्हा कळलं.

सगळ्यात लांबची फर्माइश

1977 मध्ये कार्ल सेगन यांच्या मंडळींनी व्हॉयेजर यानांवर ठेवायला 27 रचना निवडल्या. त्यात आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतली 'जात कहाँ हो', सुमारे साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर 1 उडालं 5 सप्टेंबरला. केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला.

निवडीबद्दल कुणाचं दुमत नाही. क्रमाबद्दल आहे. भैरवी झाली की मैफल संपली, लोक चपला शोधायला लागतात. त्या तबकडीवर मात्र भैरवीनंतर ब्लाइंड विली जॉन्सन आणि त्याच्यामागून बेथोवनचं चतुष्टक, अशा आणखी दोन रचना आहेत. ग्वाल्हेर, इंदूर आणि देवास या तिघांचं एकमत होईल अशी ही एकमेव तक्रार. पण कार्ड टाकायला पत्ता नाही.